हरता येणारा मुखवटा : मेक्सिकोतील मुखवटाधारी पहिलवान आणि त्यांचा वारसा



या मालिकेत आपण काही दिवसांपासून ‘व्यक्ती’ म्हणजे काय, या प्रश्नाभोवती फिरतो आहोत. आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, “बाई, कांट सोडून कुस्तीच्या फडात कशा काय उतरलात?” प्रश्न रास्त आहे. पण मी विषय सोडलेला नाही. प्लेटो, हॉब्ज, बार्थ ही मंडळी मला त्या फडाच्या कडेलाच बसलेली दिसतात, आणि त्यांच्याशी भांडायला ही जागा फार चांगली आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. मराठीत ‘मुखवटा’ या शब्दाला दोन अगदी वेगळ्या छटा आहेत. ‘मुखवटा गळून पडला’, ‘मुखवटा फाडला’ असं आपण म्हणतो तेव्हा मुखवटा म्हणजे ढोंग. खरं ते आत, खोटं ते बाहेर. पण भाद्रपदात गौरींचे मुखवटे घरात येतात, खंडोबाचा मुखवटा पालखीत निघतो, तेव्हा तो मुखवटा काही लपवत नसतो. उलट त्याच्यामुळेच देव दिसतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपण सहज वापरतो आणि त्यांच्यातला विरोध आपल्याला जाणवतही नाही. मेक्सिकोतल्या कुस्तीने नेमका हा विरोध समोर आणून ठेवला आहे. शिवाय तिने या दोन्हींत नसलेला एक तिसरा अर्थ दिला आहे. त्या तिसऱ्या अर्थाबद्दल मी आज बोलणार आहे.

आधी थोडा इतिहास, कारण या विषयावर हवेत बोलणारे पुष्कळ आहेत.

‘लुचा लिब्रे’ म्हणजे शब्दशः मुक्त झुंज. आपण जिला फ्रीस्टाइल म्हणतो, दारासिंगांच्या काळात स्टेडियमं भरायची ती, त्याच कुळातली ही कुस्ती. दोरांनी वेढलेलं रिंगण, तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकेल तो विजयी, आणि पहिलवानांचे दोन पक्ष. नियमाने, कौशल्याने लढणारा तो ‘तेक्निको’. दांडगाई करणारा, पंचाची पाठ वळली की डोळ्यांत बोटं घालणारा तो ‘रुदो’. साल्वादोर लुत्तेरोथ नावाच्या गृहस्थाने १९३३ साली मेक्सिको सिटीत या कुस्त्यांची कंपनी काढली. त्या वर्षी २१ सप्टेंबरला तिचा पहिला कार्यक्रम झाला. नाव बदललं असलं तरी ती कंपनी आजही चालू आहे, आणि १९५६ साली उघडलेल्या तिच्या अरेना मेक्सिको या भव्य सभागृहात आजही दर आठवड्याला कुस्त्या होतात.

आता मुखवटा कुठून आला? पर्यटकांना सांगितलं जातं, की हे थेट अझ्टेक योद्ध्यांपासून आलं आहे. गरुडाचा, जग्वारचा वेष घेऊन लढणारे ते योद्धे, त्यांचेच हे वंशज. ऐकायला छान वाटतं. पण घडलं ते असं : १९३४ साली एका अमेरिकन पहिलवानाला मुखवटा हवा होता. त्याने तो करून घेतला अंतोनिओ मार्तिनेझ या माणसाकडून. हे मार्तिनेझ लेओन गावचे, आणि धंद्याने चप्पल-बूट शिवणारे. म्हणजे या परंपरेचा पहिला मुखवटा परक्या माणसाच्या डोक्यावर बसला, आणि तो घडवला एका चर्मकाराने, पायाची मापं घ्यायचा सराव असलेल्या हातांनी. मुखवटाधारी पहिलवान ही कल्पनाही मूळची मेक्सिकोची नाही. पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात आणि न्यू यॉर्कमध्ये १९१५ साली असे पहिलवान लोकांनी पाहिले होते. तिकिटं खपवायची ती एक युक्ती होती. काही दिवस चालली आणि विरली.

मग प्रश्न असा, की तिकडे जी नुसती युक्ती राहिली ती मेक्सिकोत संस्था कशी झाली? गावोगावच्या नाचांमधून तिथे मुखवट्याची सवय होती, हे खरं. पण तेवढ्याने उत्तर मिळत नाही. माझ्या मते उत्तर आहे पैजेत. १९४० साली ‘एल मुर्सिएलागो’, म्हणजे ‘वटवाघूळ’, हा मुखवटाधारी पहिलवान ओक्ताविओ गाओनाशी लढला. याने पणाला लावला मुखवटा, त्याने लावले केस. वटवाघूळ हरलं आणि त्याला मुखवटा काढावा लागला. या प्रकाराला तिथे ‘लुचा दे आपुएस्तास’ म्हणतात, पैजेची कुस्ती. मुखवटा विरुद्ध केस, किंवा सर्वांत मोठी म्हणजे मुखवटा विरुद्ध मुखवटा.

या पैजेचे नियम नीट ऐका, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. हरलेला पहिलवान रिंगणातच, सगळ्यांसमोर मुखवटा उतरवतो. मग आपलं खरं नाव सांगतो, गाव सांगतो, किती वर्षं लढतो आहे ते सांगतो. दुसऱ्या दिवशी ते नाव आणि तो चेहरा वर्तमानपत्रात छापून येतो. आणि प्रथा अशी, की तो मुखवटा त्याने पुन्हा घालायचा नाही. केस गेले तर वाढतात. मुखवटा गेला की गेला.

हे लक्षात ठेवून आता एल सांतोकडे येऊ. त्याच्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

रोदोल्फो गुस्मान उएर्ता, जन्म १९१७, तुलानसिंगो गाव. आधी तो वेगवेगळ्या नावांनी लढला. एकदा त्याने ‘वटवाघूळ दुसरा’ असं नाव घेतलं, तर मूळच्या वटवाघळाने कुस्ती आयोगाकडे तक्रार केली आणि नाव सोडावं लागलं. मग १९४२ साली चंदेरी मुखवटा घालून तो ‘एल सांतो’ म्हणून उतरला. सांतो म्हणजे संत. आणि गंमत अशी, की हा संत दांडगट होता, रुदो होता! पुढची जवळजवळ वीस वर्षं तो रुदोच राहिला. १९५२ साली होसे जी. क्रूस यांनी त्याच्यावर चित्रकथांचं साप्ताहिक काढलं, त्यात मात्र तो गरिबांचा कैवारी. म्हणजे कागदावर कैवारी आणि रिंगणात दांडगट. मुखवटा तोच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो रिंगणातही सज्जनांच्या बाजूला आला. तोवर सिनेमाही सुरू झाला होता. राजधानीत दूरचित्रवाणीवरून कुस्त्या दाखवणं १९५० च्या दशकात बंद झालं होतं, त्यामुळे ज्यांना रिंगणापर्यंत जाता येत नव्हतं त्यांनी आपला सांतो पडद्यावर पाहिला. पन्नासहून अधिक चित्रपट त्याने केले. रक्तपिपासू स्त्रिया, वेडे शास्त्रज्ञ, ममी, सगळ्यांशी तो लढला.

हे चित्रपट कलाकृती म्हणून बहुतेक सुमार आहेत, हे मी स्पष्ट सांगते. नेपथ्य हलतं, कथेला शेंडाबुडखा नसतो, आणि मधेच वीस मिनिटांची कुस्ती येते. पण त्यांत एक गोष्ट आहे जी समीक्षकांनी हसण्यावारी नेली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. सांतो मुखवटा कधीच काढत नाही. सूट घालतो, टाय लावतो, उघड्या मोटारीतून फिरतो, मेजावर बसून बोलतो, सगळं मुखवट्यासह. आणि चित्रपटातल्या एकाही माणसाला त्याचं नवल वाटत नाही. पोलीस अधिकारी त्याला फोन करतो तो ‘सांतो’ म्हणून.

याची तुलना अमेरिकन महानायकांशी करा. सुपरमॅनच्या मागे क्लार्क केंट आहे, बॅटमॅनच्या मागे धनाढ्य ब्रूस वेन. तिथे सगळी गंमत गुपितावर चालते : आत कोण आहे? सांतोच्या मागे कुणीच नाही. त्याला दुसरं आयुष्य नाही, म्हणून त्याचं गुपितही नाही. तो जे करतो त्याचं श्रेय आणि त्याची जबाबदारी, दोन्ही त्या चंदेरी कापडाकडेच जातात. ब्रूस वेन बॅटमॅनच्या कृत्यांपासून हात झटकू शकतो. सांतोला ती सोय नाही.

आता बार्थकडे. रोलाँ बार्थ यांचा कुस्तीवरचा निबंध १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात आहे आणि या विषयावर कुणीही बोलायला लागलं की तो निघतोच. त्यांचं म्हणणं असं, की व्यावसायिक कुस्ती हा खेळ नाही, तो देखावा आहे. त्याची तुलना मुष्टियुद्धाशी न करता ग्रीक शोकांतिकेशी करावी. प्रेक्षक ‘कोण जिंकणार’ हे बघत नाही. तो वेदना, पराभव आणि न्याय यांची ढळढळीत, कुणालाही वाचता येतील अशी चिन्हं बघतो. पहिलवानाच्या देहावर आणि चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं.

निबंध सुंदर आहे, पण तो मेक्सिकोच्या दारात अडखळतो. कारण बार्थ यांचा पहिलवान चेहऱ्याने बोलतो, आणि इथे तर चेहराच नाही. वेदना दाखवायची तर मान, पाठ, पंजे यांनीच दाखवावी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बार्थ यांच्या पॅरिसमध्ये संध्याकाळ संपली की चिन्हं पुसली जातात. पुढच्या आठवड्यात तोच दुष्ट पुन्हा तितकाच दुष्ट असतो. घडलेल्या गोष्टीची नोंद राहत नाही. पैजेच्या कुस्तीत नोंद राहते. एका रात्री जे होतं ते उरलेलं आयुष्यभर तसंच राहतं. चिन्हाला इथे मरण आहे, आणि ज्याला मरण आहे त्याचा हिशोब चिन्हशास्त्राने पूर्ण होत नाही.

दुसरे ओक्ताविओ पाझ. १९५० च्या ‘एकांताचा चक्रव्यूह’ या ग्रंथात त्यांचं एक प्रकरणच मेक्सिकन मुखवट्यांवर आहे. त्यांचा रोख कुस्तीवर नाही, मेक्सिकन स्वभावावर आहे : मेक्सिकन माणूस स्वतःला मिटून घेतो, जगापासून बचाव म्हणून मुखवटा चढवतो. पाझ मोठे लेखक आहेत. पण त्यांचा मुखवटा हा आपल्या ‘मुखवटा फाडला’मधला मुखवटा आहे. खरा माणूस आत कोंडलेला, आणि मुखवटा ही त्याची भिंत. ते पुस्तक आलं तेव्हा सांतोला लढायला लागून आठ वर्षं झाली होती. राजधानीतल्या कामगार वस्त्यांतली माणसं त्या सभागृहांत गर्दी करत होती आणि तिथला मुखवटा भिंतीसारखा वागत नव्हता. तो पणाला लागत होता. मिटून घेतलेला माणूस काही पणाला लावत नाही.

इथे प्लेटो. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात गायजीस या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते, ती फिरवली की माणूस अदृश्य होतो. मग हा काय करतो? राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकनचा प्रश्न असा, की पकडले जाण्याची भीती नसेल तर कोण न्यायाने वागेल? आजच्या काळात ही अंगठी प्रत्येकाच्या खिशात आहे. खोट्या नावाचं खातं उघडायचं, कुणाच्याही अंगावर चिखल टाकायचा, ओरड झाली की खातं बंद करून दुसरं उघडायचं. आपण त्यालाही ‘मुखवटा’ म्हणतो.

माझं आजचं म्हणणं इतकंच आहे, की त्याला मुखवटा म्हणू नये. तो पडदा आहे. गायजीस चेहरा लपवतो तो हिशोब चुकवण्यासाठी. लुचादोर चेहरा झाकतो आणि हिशोब एका ठिकाणी गोळा करतो. प्रत्येक जय, प्रत्येक लबाडी, प्रत्येक मोडलेलं हाड त्या एका मुखवट्याच्या नावावर चढत जातं. बरं, तो कायद्याला अनोळखीही नसतो. लढायचा परवाना त्याला आयोगाकडूनच घ्यावा लागतो. आणि वीस-तीस वर्षांत साठलेली ती सगळी पुंजी एका रात्री, हजारो लोकांच्या देखत जाऊ शकते. मी ज्याला तिसरा अर्थ म्हणाले तो हा. मुखवटा म्हणजे ढोंग नाही, देवत्वही नाही. मुखवटा म्हणजे दिलेला शब्द. आणि शब्द दिला याला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा तो मोडला तर काहीतरी जातं.

एक चिठ्ठी आली आहे. वाचते : “बाई, या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो ना? मग कसली पैज आणि कसला शब्द?”

चांगली चिठ्ठी आहे. हो, निकाल ठरलेला असतो. पण मला सांगा, लग्नाला जाताना तुम्हाला शेवट माहीत नसतो का? अक्षता पडणार, हार घातले जाणार, सगळं ठरलेलं. म्हणून लग्न खोटं होतं का? दुसऱ्या दिवशी ती दोघं खरोखरच नवरा-बायको असतात. जे. एल. ऑस्टिन यांनी अशा कृतींची फोड केली आहे : काही उच्चार वस्तुस्थितीचं वर्णन करत नाहीत, ते वस्तुस्थिती घडवतात. मुखवटा उतरवून स्वतःचं नाव उच्चारणं ही तशीच कृती आहे. निकाल कार्यालयात ठरला असेल, पण नाव खरंच सांगितलं जातं. चेहरा खरंच दिसतो. त्या रात्रीचा मोबदला मोठा असतो, कारण तो आयुष्यात एकदाच मिळायचा असतो, आणि पुढे अनेकांची मागणी खरंच घटते. ठरवून केलेली गोष्ट आणि खोटी गोष्ट, या दोन निराळ्या आहेत.

१७ मार्च २००० चं उदाहरण घ्या. अरेना मेक्सिको, अटलांटिस विरुद्ध व्हियानो तिसरा. ‘व्हियानो’ म्हणजे खलनायक. हा रे मेंदोसा या नामांकित पहिलवानाचा मुलगा. भाऊही व्हियानोच, पहिला, दुसरा, चौथा, पाचवा. पन्नाशीजवळ आलेला, जवळजवळ तीस वर्षं लढलेला. तो हरला. मुखवटा काढला आणि आर्तुरो दियास मेंदोसा हे नाव सांगितलं. आयुष्यभर खलनायक म्हणून मिरवलेल्या त्या माणसाच्या पराभवाला लोकांनी जे मानाचं स्थान दिलं, ते अनेक विजयांना मिळालेलं नाही. बार्थ यांच्या भाषेत इथे दुष्टाला शासन झालं, असं म्हणावं लागेल. तसं झालं नाही. एका माणसाने दिलेला शब्द पाळला आणि लोकांनी तो पाळताना पाहिलं.

आता वारसा. आपल्या विषयातला सगळ्यात अवघड भाग हा.

सांतो १९८२ मध्ये निवृत्त झाला. आपला मुखवटा तो रिंगणात कधीच हरला नाही. १९८४ च्या सुरुवातीला एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने मुखवटा स्वतःहून थोडासा वर उचलला, चेहऱ्याचा काही भाग दाखवला. काही दिवसांतच, ५ फेब्रुवारीला, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याला मुखवट्यासह पुरलं. त्याचा दीर्घकाळचा प्रतिस्पर्धी ब्लू डेमन २००० साली गेला, तोही निळ्या मुखवट्यासह. रोदोल्फो आणि सांतो एकाच खड्ड्यात गेले.

पण सांतो उरला. धाकटा मुलगा १९८२ पासूनच ‘एल इहो देल सांतो’, सांतोचा मुलगा, म्हणून लढत होता. ब्लू डेमनने दत्तक मुलाला आपलं नाव दिलं. इथे वारसा म्हणजे ऋण आहे. मुलगा तोच चंदेरी मुखवटा घालतो, पण नावात ‘मुलगा’ ठेवतो. मी तो नाही, त्याचा आहे, असं नावातच कबूल करतो. आणि स्वतःच्या प्रत्येक पैजेत बापाची इभ्रत डावावर ठेवतो. मात्र सांतोच्या नातवाने ते नाव लावण्यावरून चुलता-पुतण्यात कायदेशीर वाद झाला, आणि तिथे दिसलं की ऋण हळूहळू मालमत्ता होत चाललं होतं. चुलता-पुतण्याचे वाद आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत.

त्याहून पुढची पायरी कंपन्यांची. १९९२ साली स्थापन झालेल्या ‘ट्रिपल ए’ या कंपनीत ‘ला पार्का’ नावाचं पात्र होतं, सांगाड्याचा वेष घेतलेला मृत्यू. ते गाजवलं आदोल्फो तापिया यांनी. ते कंपनी सोडून गेले तेव्हा कंपनीने तोच वेष दुसऱ्या पहिलवानाला दिला. पात्र आमच्या मालकीचं, हा दावा. तापिया यांना नाव बदलून ‘एल. ए. पार्क’ व्हावं लागलं. दुसऱ्या ला पार्काने वर्षानुवर्षं ते पात्र प्रामाणिकपणे निभावलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये रिंगणाबाहेर झेप घेताना त्याच्या डोक्याला जबर मार बसला आणि जानेवारी २०२० मध्ये तो वारला.

किंवा ‘मिस्तिको’ घ्या. २००० च्या दशकातला सर्वांत लोकप्रिय मुखवटा. २०११ मध्ये तो पहिलवान अमेरिकेत गेला आणि ‘सिन कारा’ झाला. सिन कारा म्हणजे चेहरा नसलेला. इकडे जुन्या कंपनीने मिस्तिको हे नाव दुसऱ्याला दिलं. पहिला परत आला, आधी एक नाव घेतलं, मग आणखी एक, आणि २०२१ मध्ये पुन्हा मिस्तिको झाला. एका देहाने चार नावं वापरली आणि एका नावाने दोन देह.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात थीसियसच्या जहाजाचा प्रश्न विचारतात : सगळ्या फळ्या बदलल्या तर जहाज तेच का? इथे विद्यार्थ्यांना विचारावंसं वाटतं, खरा मिस्तिको कोण? पण मला हा प्रश्न चुकीच्या जागी ठेवलेला वाटतो. हॉब्ज यांनी ‘लेव्हायथन’मध्ये आठवण करून दिली आहे, की ‘पर्सन’ हा शब्द ‘पर्सोना’वरून आला, म्हणजे रंगभूमीवरच्या मुखवट्यावरून. व्यक्ती म्हणजे ज्याच्या नावावर शब्द आणि कृती जमा होतात ती. मग ‘आत कोण’ हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. ‘हरला तर कुणाचं जाणार’ हे विचारायला हवं. सांतो हरला असता तर रोदोल्फोचं सगळं गेलं असतं. मुखवटा कंपनीचा असेल तर पहिलवान हरतो आणि मालक दुसरा माणूस आणतो. देह एकाचा आणि मालकी दुसऱ्याची असली, की पैज पोकळ होते. त्या कापडाखाली एक माणूस खरोखर मेला तरी पात्र कंपनीच्या कपाटात शाबूत राहतं. हे मला वारशाचं सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

परदेशातही हेच दिसतं. मिल मास्करास, म्हणजे हजार मुखवट्यांचा माणूस, याने १९७० च्या दशकात जपानला वेड लावलं, आणि जपानने त्या परंपरेतून स्वतःचे सकस मुखवटाधारी घडवले. तिथे वारसा वाढला. अमेरिकेत मात्र रे मिस्तेरिओचा मुखवटा १९९९ मध्ये एका कंपनीने काढवला आणि २००२ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा चढवला. त्याच्या कौशल्याला मी नावं ठेवत नाही. पण काढलेला मुखवटा परत चढू शकतो, असं ठरलं त्या दिवशी त्याचा नुसता पोशाख झाला.

मी या परंपरेची आरती ओवाळते आहे असं वाटायला नको, म्हणून एक गोष्ट सांगते. मुखवटा म्हणतो, आत कोण आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पण राजधानीत १९५० च्या दशकापासून १९८६ पर्यंत स्त्रियांना कुस्ती खेळायला बंदी होती. म्हणजे आत कोण आहे याच्याशी देणंघेणं होतंच. चंदेरी मुखवट्याचं ते सगळं सोनेरी युग या बंदीच्या छायेत घडलं आहे. २०१८ मध्ये मेक्सिको सिटीने लुचा लिब्रेला शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं, ते योग्यच झालं. पण वारसा स्वीकारायचा तर त्यातलं कर्जही स्वीकारायला हवं.

शेवटचं उदाहरण रिंगणाबाहेरचं. १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटीतली हजारो माणसं बेघर झाली. वस्त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८७ मध्ये लाल-पिवळ्या वेषात एक मुखवटाधारी अवतरला, ‘सुपरबार्रिओ’. बार्रिओ म्हणजे वस्ती. भाडेकरूंना घराबाहेर काढायला माणसं आली की हा तिथे जाऊन उभा राहायचा. मोर्च्यात पुढे असायचा, अधिकाऱ्यांसमोर मुखवट्यासह बसायचा. लोकांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, कारण टाय लावलेला सांतो त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. ज्या सुमार चित्रपटांना आपण हसलो, त्यांनी एका पिढीला शिकवलं होतं, की मुखवटा घातलेला माणूस शब्द देऊ शकतो आणि त्याला जाबही विचारता येतो. या माणसाला विकत घेणं अवघड होतं, कारण त्याने मागे हटायचं ठरवलं असतं तर त्याच्या एकट्याचं काही गेलं नसतं. गेला असता तो वस्तीचा मुखवटा.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणालं, की आजकाल सगळे मुखवटे घालून फिरतात, तर एवढंच विचारा : तो मुखवटा हरता येतो का? चारचौघांत, कायमचा? येत असेल, तर तो घालणाऱ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, मग त्याचा चेहरा दिसो वा न दिसो. आणि येत नसेल, तर चेहरा अगदी उघडा असला तरी जपून राहा.

पुढच्या व्याख्यानात आपण हॉब्जचं ते सोळावं प्रकरण सविस्तर वाचणार आहोत. जमलं तर आधी चाळून या. आज इथेच थांबते.